परभणीतला डॉलर

अमेरिकेचं एक डॉलरचं नाणं परभणीत आलं की ते डॉलर राहत नाही. कागदी डॉलरची गोष्ट वेगळी. मोठ्या शहरात परवाना असलेले पैसे बदलून देणारे असतात. नोट दिली की त्या दिवसाच्या भावाने रुपये हातात पडतात. नाण्याला मात्र ते सहसा हात लावत नाहीत. परकी चिल्लर जमवायची, मोजायची आणि पुन्हा तिच्या देशात पाठवायची, तर तो खर्चच तिच्या किमतीच्या वर जातो. गांधी पार्कातला भाजीवाला तर ते घेणारच नाही. ज्या सरकारने त्या नाण्यावर ‘एक डॉलर’ असा शब्द दिला, त्या सरकारचा शब्द इथपर्यंत पोचत नाही. मग उरतं काय? धातूची एक चकती, तिच्यावरचं चित्र आणि तिच्याकडे पाहणारं माणूस. नाण्याचं मोल कशात असतं हे समजून घ्यायला मला ही अवस्था फार सोयीची वाटते. इथे नाण्याला कुणाच्या हुकमाचा आधार नसतो. जे काही मोल असेल, ते पाहून, तपासून, पारखूनच ठरवावं लागतं.

असं एक नाणं आमच्या शेजारच्या काकूंकडे आलं. नातू न्यू जर्सीत असतो. सुट्टीत आला तेव्हा आजीच्या हातावर ठेवून गेला. काकू ते रुमालात गुंडाळून घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “बघ गं, पिवळंधमक आहे. सोन्याचं असलं तर याचे किती येतील?” मी बँकेत रोखपाल होते. नोकरीचा मोठा काळ काउंटरच्या काचेमागे चिल्लर मोजण्यात गेला आणि मोजता मोजता तिच्याकडे बघायची सवय जडली. त्यामुळे गल्लीत कुणाला जुनंपानं नाणं सापडलं की ते एकदा माझ्या टेबलावर येऊन जातं.

काकूंच्या नाण्यावर एक तरुणी होती. पाठीशी बाळ बांधलेली, मान वळवून सरळ आपल्याकडे बघणारी. ही साकागाविया. शोशोनी या अमेरिकेतल्या मूळ जमातीची मुलगी. १८०४ ते १८०६ या काळात ल्युइस आणि क्लार्क यांची मोहीम अनोळखी मुलुखातून पश्चिमेच्या समुद्राकडे गेली, तेव्हा ती त्यांच्यासोबत चालली. दुभाषी म्हणून उपयोगी पडली. पाठीवरचं बाळ १८०५च्या फेब्रुवारीत, मोहिमेच्या मुक्कामातच जन्मलेलं. तिचं तिच्या काळातलं एकही चित्र नाही. म्हणून शिल्पकार ग्लेना गुडएकर यांनी शोशोनी समाजातल्याच एका विद्यार्थिनीला समोर बसवून हा चेहरा घडवला. २००० साली हे नाणं चलनात आलं. त्यात सोन्याचा कणही नाही. आत तांबं आहे आणि वरून मँगनीज मिसळलेल्या पितळेचा थर आहे, त्याचीच ती चमक.

काकूंना हे सगळं सांगितलं. सोनं नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा उतरला; पण त्या उठल्या नाहीत. “मग ही बाई बाळाला घेऊन एवढी चालली?” असं त्यांनी विचारलं आणि आम्ही बराच वेळ तिच्याविषयीच बोलत बसलो. त्यानंतर आम्ही नाण्याच्या किमतीकडे वळलो.

नाण्याची संग्राहकांतली किंमत तीन प्रश्नांवर ठरते: कोणतं आहे, कोणत्या अवस्थेत आहे आणि कुणाला हवं आहे. तिन्ही प्रश्न याच क्रमाने विचारावेत. लोक तिसऱ्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात.

कोणतं आहे, यात साल येतं, टाकसाळ येते, धातू येतो आणि छापातला बारीकसारीक फरकही येतो. काकूंच्या नाण्यावर सालाखाली इंग्रजी ‘पी’ होतं, म्हणजे ते फिलाडेल्फियाच्या टाकसाळीतलं. ‘डी’ असतं तर डेन्व्हरचं. २००० या एकाच वर्षी या दोन टाकसाळींनी मिळून असे सव्वाशे कोटींहून अधिक डॉलर पाडले. ज्या वस्तूच्या एवढ्या प्रती असतात, तिच्यासाठी कुणी अडून बसत नाही. पण त्याच सालाच्या, त्याच ‘पी’ अक्षराच्या काही थोड्या नाण्यांची कहाणी वेगळी आहे. नव्या डॉलरची जाहिरात व्हावी म्हणून जनरल मिल्स कंपनीने चिरिओज या न्याहारीच्या खोक्यांत ५,५०० नाणी घालून वाटली. मुलांनी ती घेतली, खर्चली, खेळण्यांत टाकली. २००५ साली संग्राहकांच्या लक्षात आलं की त्यांतल्या काही नाण्यांच्या मागच्या बाजूला गरुडाच्या शेपटीची पिसं जास्त बारकाईने कोरलेली आहेत. नंतरच्या कोट्यवधी नाण्यांत पिसांची रेघ साधी झाली होती. त्या बारीक पिसांच्या नाण्याला आज हजारो डॉलर मिळतात. पाच वर्षं ती नाणी लोकांच्या घरात पडून होती, त्यांत काहीही बदललं नाही. बदल झाला तो बघणाऱ्याच्या नजरेत.

काकूंनी आणि मी भिंग घेऊन शेपटी पाहिली. पिसं साधीच होती.

धातूची खात्री करायला परभणीत एक उत्तम सोय आहे, ती म्हणजे सराफाचा काटा. सराफाला परकी नाण्यातलं काही कळत नसेल, पण त्याचा काटा खोटं बोलत नाही. साकागाविया डॉलर ८.१ ग्रॅमचा. त्याच्या आधी १९७१ ते १९७८ या काळात अमेरिकेत आयझेनहॉवर यांचा मोठा डॉलर होता. व्यवहारातला तो तांबं-निकेलचा, २२.६८ ग्रॅमचा. संग्राहकांसाठी सॅन फ्रान्सिस्कोत काढलेल्या काही डॉलरांत चाळीस टक्के चांदी. त्यांचं वजन २४.५९ ग्रॅम. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात. काट्यावर दोन ग्रॅमचा फरक लगेच कळतो. घरात असा मोठा डॉलर पडून असेल तर आधी वजन करावं, मग त्याच्याविषयी बोलावं.

दुसरा प्रश्न अवस्थेचा. मानवतच्या बाजारात कापूस बोटांत धरून, धागा ओढून प्रत ठरवतात आणि त्या प्रतीवर भाव फुटतो, तसंच इथे आहे. विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली जुन्या अमेरिकी नाण्यांसाठी एक ते सत्तर अशी मोजपट्टी सुचवली आणि आज जगभर तीच वापरतात. एक म्हणजे झिजून कसंबसं ओळखू येणारं, सत्तर म्हणजे भिंगाखालीही डाग न सापडणारं. १९८६ पासून पीसीजीएससारख्या संस्था नाणं तपासून, त्याला आकडा देऊन, पारदर्शक डबीत बंद करून देतात. आधुनिक डॉलरच्या बाबतीत सगळा खेळ या पट्टीच्या वरच्या टोकाला असतो. खिशात फिरलेल्या डॉलरला डॉलरच मिळतो. टाकसाळीतून निघाल्यापासून कुणाच्या हाताला न लागलेल्या, पट्टीवर अगदी वर बसणाऱ्या डॉलरला कितीतरी पट मिळतात. आधुनिक नाणं भरपूर असतं, पण निर्दोष नाणं फार थोडं.

तिसरा प्रश्न: कुणाला हवं आहे. इथे एक गोष्ट मनाशी पक्की धरावी लागते. कुणीतरी मागितलेली किंमत ही किंमत नव्हे. प्रत्यक्ष ज्या रकमेला नाणं विकलं गेलं, ती किंमत. आणि तीही हलत असते. २००७ साली अमेरिकेने आपल्या राष्ट्राध्यक्षांची डॉलर-मालिका सुरू केली. साल आणि टाकसाळीचं चिन्ह या नाण्यांच्या कडेवर कोरलं जाई. जॉर्ज वॉशिंग्टनच्या पहिल्याच नाण्यांतली काही कड न कोरताच बाहेर पडली. सुरुवातीला वाटलं की अशी नाणी मोजकीच असतील; शेकडो डॉलरना सौदे झाले. मग हजारोंनी सापडू लागली आणि भाव झपाट्याने खाली आला. ज्यांनी पहिल्या आठवड्यात घाईने घेतली त्यांना तोटा झाला. थांबून मोजणाऱ्यांना झाला नाही.

आणि कमी नाणी पाडली म्हणजे भाव जास्त, हेही खरं नव्हे. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या तिजोऱ्यांत न खपलेले १४० कोटींच्या आसपास डॉलर साचले, तेव्हा २०११च्या डिसेंबरात तिथल्या सरकारने राष्ट्राध्यक्षांची नाणी व्यवहारासाठी पाडणं थांबवलं. पुढे ती फक्त संग्राहकांसाठी, कमी संख्येने निघाली. तरी त्यांतली बहुतेक आज साध्या भावातच मिळतात, कारण ज्यांना हवी होती त्यांनी ती टाकसाळीकडूनच घेतली. दुर्मीळ असणं आणि हवंसं असणं या दोन गोष्टी एका ठिकाणी आल्या तरच किंमत चढते.

काकूंचं नाणं अखेर एक डॉलरचंच ठरलं, तेही अमेरिकेत. परभणीत त्याची बाजारातली किंमत जवळपास शून्य. काकूंनी ते परत रुमालात गुंडाळलं आणि म्हणाल्या, “राहू दे. बाळ पाठीशी घेतलेली बाई आहे, घरात बरी.” मला वाटतं, तिसऱ्या प्रश्नाचं हेही एक उत्तरच होतं.

पण एका मुलुखाचं नाणं दुसऱ्या मुलुखात कमी होतं, हे परभणीला काही नवीन नाही. आमच्या आज्या-पणज्यांना ते पाठ होतं. १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. तोवर परभणी निजामाच्या राज्यात होती आणि इथलं चलन हाली सिक्का होतं. इंग्रजी राज्याचा रुपया तो कलदार. शंभर कलदार घ्यायचे तर ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मोजावे लागत. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा साधा हिशोब. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हैदराबादहून मनमाडला जाणारी रेल्वे परभणीवरून सुरू झाली. मनमाड इंग्रजी मुलुखात. म्हणजे परभणीत गाडीत बसताना कनवटीला सात रुपये असले तर मनमाडला उतरताना ते सहा होत. माणूस तोच, पैसा तोच, कष्ट तेच. सरहद्द ओलांडली की एक रुपया गळून पडे.

हा दर कुणाच्या मनमानीने ठरलेला नव्हता, हे मला काटा हातात घेतल्यावर कळलं आणि फार आनंद झाला. हालीचा उस्मानिया रुपया सुमारे ११.१८ ग्रॅमचा, त्यात चांदी हजारात ८१८ भाग. इंग्रजी रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात चांदी अकरा-बारांश. गुणाकार करून पाहा. हालीत निव्वळ चांदी सव्वानऊ ग्रॅमच्या जरा आत, कलदारात पावणेअकराच्या जरा आत. या दोन आकड्यांचं प्रमाण सात-सहाच्या अगदी जवळ येतं. गाडीतून उतरलेल्या शेतकऱ्याला हे गणित कुणी सांगितलं नसेल. पण व्यवहाराने ते नेमकं धरलं होतं. त्या काळी नाण्याचं मोल बव्हंशी त्याच्या पोटातल्या धातूत होतं आणि सरहद्दीवरचा सराफ ते जाणून होता.

पुढची गोष्ट झपाट्याने घडली. १९५०मध्ये भारतीय रुपया हैदराबाद राज्यात आला आणि काही काळ दोन्ही चलनं शेजारी शेजारी नांदली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला. १ एप्रिल १९५७ला आणे-पै जाऊन नवे पैसे आले. १९५९ साली हाली सिक्का कायमचा बंद झाला. म्हणजे दहा वर्षांच्या आत परभणीतल्या माणसाने तीन हिशोब शिकले: हालीचा, कलदार आण्यांचा आणि दशमान पैशांचा. बाजारात मूठभर चिल्लर पुढे करून “मोजून घ्या दादा, तुमचं काय होतं ते” म्हणणाऱ्या बायका त्या पिढीत घरोघर होत्या. त्यांना अडाणी म्हणणं अन्याय आहे. त्यांच्या पायाखालचं मोजमापच पुन्हा पुन्हा बदललं होतं.

आज जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड, कुठल्याही जुन्या घरात ट्रंकेच्या तळाशी हालीचे रुपये निघतात. त्यांची किंमत ठरवायची तर पुन्हा तेच तीन प्रश्न. नाण्यावरच्या चारमिनारच्या मधल्या कमानीत एक अक्षर आहे, ते पाहावं. ‘मीम’ असेल तर महबूब अली खान यांच्या काळातलं. ‘ऐन’ असेल तर १९११मध्ये गादीवर आलेल्या उस्मान अली खान यांच्या काळातलं. त्यांच्या सुरुवातीच्या नाण्यांत हे ऐन अपुरं, आखूड आहे, नंतरच्यांत पूर्ण. संग्राहक या दोहोंत भेद करतात. साल हिजरी आणि आकडे फारसी वळणाचे. ते वाचायला आता घरात कुणी नसतं. निजामाच्या राज्यात शाळेत उर्दू शिकलेले आजोबा ते सहज वाचत. त्यांच्या मागे नाणं राहिलं आणि वाचन गेलं. म्हणून ते चांदीच्या वजनावर विकलं जातं. मोडीत गेलेल्या नाण्यांत एखादं विरळ सालाचं नसेलच असं कोण सांगणार? वजनाचा भाव देणारा सराफ लबाडी करत नाही. त्याला विचारलं जातं तेवढंच तो सांगतो. वाचणारं माणूस विकणाऱ्याच्या घरातच हवं.

आणि वजनालाही फसण्याची एक जागा आहे. देवघरातले इंग्रजी रुपये सगळे एकसारखे वाटतात, पण १९४० पासून त्यांत चांदी निम्म्यावर आली आणि १९४७चा रुपया तर निकेलचा आहे. साल वाचल्याशिवाय चांदीचीही किंमत सांगता येत नाही.

निजामाची टाकसाळ त्याच्याबरोबर संपली नाही. हैदराबादची ही टाकसाळ १८०३ची. १९०३मध्ये ती सैफाबादला आली, १९५०मध्ये भारत सरकारने ती ताब्यात घेतली आणि १९९७मध्ये चेरलापल्लीला नेली. आज आपल्या खिशातल्या रुपयावर सालाखाली पाच टोकांची बारीक चांदणी असेल तर तो त्या टाकसाळीचा. हिऱ्यासारखा चौकोन असेल तर मुंबईचा, बारीक ठिपका असेल तर नोएडाचा, काहीच नसेल तर कोलकात्याचा. १९८५च्या काही रुपयांवर इंग्रजी ‘एच’ आहे. ते बर्मिंगहॅमला पाडून आणलेले. पणजोबांचा हाली रुपया आणि पणतूच्या हातातला चांदणीचा रुपया एकाच परंपरेतल्या टाकसाळीत तयार झाले, हे मला जेव्हा उमगलं, तेव्हा काउंटरवरची चिल्लर माझ्यासाठी निव्वळ चिल्लर राहिली नाही. निजाम गेला, भाषा बदलली, राज्य बदललं. त्या टाकसाळीची नाणी परभणीच्या बाजारात फिरतच राहिली.

चलनातल्या नाण्यांतही मोलाची नाणी असतात. पण लोक समजतात ती नव्हेत. १९९९ साली एक रुपयाच्या नाण्यावर संत ज्ञानेश्वर आले, २००२ साली दोन रुपयांच्या नाण्यावर संत तुकाराम. जनाबाईंच्या गंगाखेडच्या या जिल्ह्यात ज्ञानेश्वरांचा रुपया कुणी खर्चायला काढला तर समोरचा तो आधी कपाळाला लावी, हे मी काउंटरवर पाहिलं आहे. वापरून झिजलेल्या अशा नाण्याला संग्राहक रुपयापेक्षा फार काही देत नाहीत. चमक शाबूत असलेलं, हाताळलेलं नसलेलं नाणं मात्र जपून ठेवावं असंच. ज्ञानेश्वरांचा रुपया लाखाला जातो असं कुणी सांगितलं तर ते साफ खोटं.

अशा अफवा आमच्या भागात जोरात येतात. वैष्णोदेवीच्या संस्थानाचा रौप्यमहोत्सव म्हणून २०१२ साली पाच आणि दहा रुपयांची नाणी निघाली. ती लाखोंना विकली जातात असं कुणीतरी सांगतं आणि घरोघर डबे उपडे होतात. त्याच वेळी दहा रुपयांचं खरंखुरं नाणं ‘चालत नाही’ म्हणून दुकानदार परत करतो. रिझर्व्ह बँकेला १७ जानेवारी २०१८ रोजी जाहीर करावं लागलं की दहाच्या नाण्यांचे चौदाही नमुने वैध आहेत. एका नाण्यावर त्याच्या दहा रुपयांइतकाही विश्वास नाही आणि दुसऱ्यावर लाखाचा विश्वास. दोन्ही नाणी एकाच सरकारने पाडलेली. दोन्हींकडे नीट पाहिलं असतं तर दोन्ही चुकीचे समज टिकले नसते.

न पाहण्याची किंमत फार मोठी पडते. जिंतूरकडचा एक तरुण शेतकरी माझ्याकडे आला होता. मोबाइलवर त्याला कुणी कळवलं होतं की त्याच्या जुन्या नाण्याचे काही लाख मिळतील. त्याआधी नोंदणीचे पैसे भरा, मग कर भरा, मग आणखी काही. समोरच्याने रिझर्व्ह बँकेच्या नावाचं पत्रही पाठवलं होतं. सोयाबीनचे आलेले पैसे त्याने त्यात घातले होते. नाणं काढून दाखवलं तर साधं, आजही कोणत्याही डब्यात सापडेल असं. “मॅडम, एकदा नीट सांगा, हे खरंच काहीच नाही का?” असं त्याने विचारलं तेव्हा त्याच्या आवाजात जे होतं, ते मला आजही बेचैन करतं. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी स्पष्ट सांगितलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही, त्यासाठी ती कधीही शुल्क किंवा दलाली घेत नाही आणि कुणालाही तिने तसा अधिकार दिलेला नाही. हे वाक्य प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवावं. फसवणारा माणसाच्या लोभाला हात घालतो असं म्हणणं सोपं आहे. मला तसं वाटत नाही. जिथे पीक हाती येईल की नाही याची खात्री नसते, तिथे डब्यातल्या नाण्याने तारावं असं वाटणं हा लोभ नव्हे. तो आधाराचा शोध असतो. तो शोध घेणाऱ्याला फसवणं हे जास्त मोठं पाप आहे.

मग घरातल्या नाण्यांचं करायचं काय? दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आमच्याकडे चांदीचे रुपये देवघरातून बाहेर निघतात. चिंच, राख, पितांबरी, जे हाताशी असेल त्याने घासून लख्ख केले जातात, हळदी-कुंकू लागतं, पुन्हा डबीत जातात. संग्राहकाच्या दृष्टीने हे घासणं नाण्याच्या जिवावर बेततं. पृष्ठभागावर बारीक रेघा उठतात, वर्षांनी चढलेली छटा जाते आणि पट्टीवरचा आकडा घसरतो. म्हणून मी एवढंच सांगते की पूजेचे रुपये वेगळे ठेवा. घरात पिढ्यान् पिढ्या पूजलेला रुपया विकायचा नसतोच. तो खुशाल घासा. त्याचं मोल हळदीच्या डागासकट आहे आणि ते त्या घरापुरतं खरं आहे. बाकीची नाणी मात्र तशीच राहू द्या. कड धरून उचला, मऊ कागदात वेगवेगळी ठेवा, एकमेकांवर घासू देऊ नका.

शेतात नांगराखाली नाण्यांचं मडकं लागलं तर गोष्ट आणखी वेगळी. १८७८च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाचं असं पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. कायद्याची भीती घालायला मी हे सांगत नाही. गोदावरीच्या काठी माणूस दोन हजार वर्षांहून अधिक काळ नाणी वापरत आला आहे. मडकं फुटून नाणी चार सराफांकडे गेली की ती नुसता धातू होतात. एकत्र, जागेसकट नोंदली गेली तर त्या गावाचा इतिहास होतात. नाणी वाचणारी माणसं आपल्या राज्यात आहेत. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, मुंबईला रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आहे. मुलांची सहल एखाद्या वर्षी तिकडे न्यावी.

इतकी वर्षं नाणी हाताळून माझं एक मत पक्कं झालं आहे. नाण्यावरचं मोल सरकार ठरवतं, धातूचं मोल बाजार ठरवतो. पण या दोहोंच्या वरचं जे मोल, ते फक्त जाणकारीतून येतं. ती जाणकारी विकत मिळत नाही आणि तिला पैसाही लागत नाही. एक भिंग, सराफाच्या काट्यावर दोन मिनिटं आणि साल वाचण्याचा धीर एवढं पुरतं. डॉलर असो, हाली असो की चांदणीचा रुपया, हे तिघांनाही लागू आहे.

म्हणून वाचणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. घरातलं नाणं कुणी विकत मागितलं तर आधी ते स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर वाचता येणाऱ्याला दाखवा, आणि एकाला नको, दोघांना दाखवा. घरात उर्दू जाणणारं कुणी म्हातारं माणूस असेल तर हालीवरचं साल त्यांच्याकडून आजच लिहून घ्या. आणि नाणं विकण्यासाठी तुमच्याकडेच आधी पैसे मागणाऱ्याला, तो कुणाचंही नाव सांगो, एक पैसाही देऊ नका.